लिंबाजीवरचं जैसे थे

सायकल त्या लिंबाला टेकवा आन् बसा घटकाभर. गल्लीच्या तोंडापासून ऐकून राहिलो मी, तुमची सायकल करकरते. हसू नका. या गावात चाक वाजवत यायचं म्हणजे काय, ते ठाऊक न्हाई म्हणून तुमी मजेत आलात. एक गोष्ट सांगतो. घोंगडं टाकलंय, त्याच्यावर बसा. ऐकून झाल्यावर तुमीच म्हणाल, तातेराव, बरं झालं जायच्या आधी सांगितलं.

मी मेंढरांमागं फिरलेला माणूस. शाळा बगितली ती बाहेरून, तिच्या भिंतीच्या सावलीला मेंढरं बसवायचो तवा. पण संशोधन म्हणजे काय, ते मला इचारा. ते आमच्या गावात झालेलं हाय, आन् आमी त्याच्यात सापडलेलो हाय.

तवा निजामाचं राज व्हतं. रेल्वे हिंगोलीला यायची, तिथून पुढं सगळा कारभार बैलगाडीचा. आमचं गाव हिंगोली-सेनगाव रस्त्यावर, तुमी आलात त्याच रस्त्यावर. लिंबाजी माझा दोस्त. माणूस दिलाचा मोठा, पण त्याचं सगळं 'उद्या'. कूड पडला, उद्या बांधतो. बैल लंगडला, उद्या बगतो. त्याच्या गाडीचं चाक वाजायचं. सगळ्यांचीच वाजतात म्हणा, पण लिंबाजीचं चाक म्हणजे दोन बोकड गळे धरून भांडल्यावाणी. आखाला वंगण पाहिजे ना. एरंडेल आन् राख कालवून नळक्यात भरायचं, नळकं गाडीखाली टांगायचं, निघताना बोटभर आखाला लावायचं. एवढंच काम. लिंबाजीच्या नळक्यात गांधीलमाशांनी घर केलं व्हतं.

त्याची बायको सुभद्राबाई, सेनगावची. तिचे कान म्हणजे काय सांगू. तीळ भाजताना कोणता तीळ करपला, ते तिला आवाजावरून कळायचं. अशा बाईच्या नशिबी ते चाक. ती रोज म्हणायची, वंगण घाला. हा म्हणायचा, उद्या.

एक दिवस तिचा भाऊ भेटायला आला, तर ही गाठोडं घेऊन त्याच्यासंगं निघाली. वेशीवर थांबून लिंबाजीला म्हणली, "तुमची गाडी न वाजता माझ्या बापाच्या दारात येईल, त्या दिवशी मी तिच्यात बसन. वाजत आली तर तशीच माघारी जाईल."

"आगं, पण उद्या..."

"तुमचा उद्या तुमीच जेवा," म्हणली आन् गेली.

आता खरं सांगतो, लिंबाजी त्या दिवशी हलला. रिकाम्या घरात बसून त्याला काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, तेल्याकडून एरंडेल आणलं, राख चाळली, रामकिशन न्हाव्याला बोलावलं. दाढी करायची, आखाला वंगण घालायचं, उन्हं चढायच्या आत सेनगाव. मी तिथंच बसलेलो. रामकिशननं डावा गाल साफ केला. उजव्या गालाला पाणी लावणार, तेवढ्यात पारावर गलका झाला. हैदराबादहून साहेब आला.

जमीलसाहेब. कवळा माणूस, टोपी तिरपी, बुटाला आमच्या गावची धूळ. संगं तहसिलीचा चपराशी. साहेबानं एक नवं चाक काढलेलं. त्याच्या तुंब्यात, आख जातो त्या मधल्या गड्ड्यात, सायकलीवाणी छर्रे बसवलेले. त्याचं म्हणणं, या चाकानं बैलाला ओढ कमी पडते. पण म्हणून चालत न्हाई, मोजून दाखवावं लागतं.

"दो गाड्या पाहिजे," साहेब म्हणला. "एका गाडीला माझं चाक. दुसरीला काहीच न्हाई. दोन्हीत वजन बराबर, रस्ता एकच. मंग जो फरक पडेल तो चाकाचा."

"दुसरी कशाला साहेब?" फकीरभाईनं इचारलं. फकीरभाई आमचा शेजारी, कापसाच्या खेपा करायचा. "एकच चाक बसवा, पळते का बगा."

"आन् पळाली, तर चाकानं पळाली का त्या दिवशी बैल खुशीत व्हता, हे कसं कळायचं?"

मला पटलं. मेंढराला पाला खाऊ घातला आन् ते बरं झालं, तर पाल्यानं झालं का आपोआप, ते दुसरं आजारी मेंढरू बाजूला ठेवल्याबिगर कळत न्हाई. पण ज्याचं मेंढरू बाजूला ठेवायचं, त्याला कोण इचारतो? हे मला लई उशिरा सुचलं.

नवं चाक फकीरभाईच्या गाडीला बसलं. मंग साहेब म्हणला, "आता साधी गाडी दाखवा. जिला कोणी काही केलेलं न्हाई अशी."

सगळ्या गावानं लिंबाजीच्या घराकडं बोट केलं. त्याच्याहून काही न केलेली गाडी मराठवाड्यात सापडायची न्हाई.

साहेब आला, गाडीभोवती फिरला, खूश झाला. चपराशानं एक पत्र्याची पाटी गाडीला ठोकली. साहेब लिंबाजीला म्हणला, "ये गाडी आजपासून जैसे थे. समझे? होळीपर्यंत."

लिंबाजी अर्ध्या दाढीचा, खांद्यावर टावेल, हातात एरंडेलाची बाटली. म्हणला, "व्हय साहेब." साहेबाला न्हाई कोण म्हणतंय तवा. साहेब गेला ओढ मोजायचा काटा आणायला.

आता इथं चूक झाली, आन् ती समद्या गावाची. 'जैसे थे' हा शबूद आमाला नवा न्हवता. तांड्यावरचा वसराम नाईक बांधाच्या दाव्यात म्हातारा झालेला. त्याच्या बांधावर कचेरीचं जैसे थे व्हतं, कैक वर्सं. त्या बांधावर वारा आला तरी वसराम उभा राहून साक्षीदार करायचा. असा माणूस पारावर बसलेला. आमी त्याला इचारलं.

वसराम म्हणला, "जैसे थे म्हणजे हुकूम लागला त्या घडीला जे जसं हाय, ते तसं. माझ्या बांधावर एक बोरीचं रोप उगवलं. मी उपटलं. कचेरीच्या साहेबानं खडसावलं, काहून उपटलंस? समोरच्यानं परत लावलं. त्यालाबी खडसावलं. तवापासून आमी बांधाकडं बगतसुद्धा न्हाई."

"मंग या एरंडेलाचं काय?" लिंबाजीनं इचारलं.

"वंगण आखात व्हतं का, पाटी ठोकली तवा?"

"न्हाई. आता घालणार व्हतो."

"घालणार व्हतो हे कचेरीत चालत न्हाई. न्हवतं ना? मंग न्हाईच."

लिंबाजीनं गालावर हात ठेवला. साफ गालावर. "आन् हे?"

वसरामनं लई इचार केला. चिलीम झटकली. म्हणला, "अर्धी हाय तर अर्धी."

"आवं, पण वाढंल की ती."

"वाढली तर जैसे थे मोडलं. रामकिशन, तू दर बाजाराला येऊन डावी बाजू करायची. उजवीला हात लावायचा न्हाई. आन् उजवी लांबली तर तेवढी कातर."

रामकिशन म्हणला, "अर्ध्या दाढीला पायली पुरी घेईन. अवघड काम हाय."

तवा लिंबाजीनं खरा प्रश्न इचारला, हळूच. "आन् सुभद्रा?"

वसरामनं चिलीम खाली ठेवली. मंग म्हणला, "हुकूम लागला तवा घरात व्हती का?"

"काल गेली."

"मंग गेलेली हाय," वसराम म्हणला. "गेलेलीच राहील. होळीपर्यंत."

तुमी म्हणाल, एवढी माणसं येडी कशी झाली? अहो, भीतीला शहाणपण लागत न्हाई. आन् हुकूम कोणाच्या दारात असला, की बाकीच्यांना तो लई बारकाईनं पाळावा वाटतो.

संशोधन सुरू झालं. दोन्ही गाड्यांत बराबर वजनाचे दगड भरले. बैलांच्या आन् गाडीच्या मधी कमानीचा एक काटा बसवला, बैलाला ओढ किती पडते ते त्याच्यावर दिसायचं. हिंगोलीहून दगड सेनगावला न्यायचे, तिथं वळायचं, तेच दगड हिंगोलीला आणायचे. लोकांना वाटायचं सेनगावात काही बांधून राहिलेत. एका म्हातारीनं फकीरभाईला इचारलं, "बाबा, हे दगड उतरवीत काहून न्हाई?" फकीरभाई म्हणला, "आजी, ते फिरायला आलेत."

फकीरभाईच्या गाडीचा आवाजच येईना. पहिले दोन दिवस तो राजावाणी बसला. मंग तकलीफ सुरू झाली. कोंबड्या बाजूला व्हईनात, कुत्री उठंनात. शेवटी तो तोंडानंच करकर करत गाडी हाकायला लागला. घरी जुलेखाभाभीची वेगळी बोंब. आदी चाकाचा आवाज वड्यापाशी आला, की ती तवा ठेवायची. गाडी दारात, भाकर ताटात. आता हा गुपचूप येऊन मागं उभा राहायचा आन् ती दचकायची. "ये चाक है के चोर है," म्हणायची.

आन् लिंबाजी. कोरडा आख, ठणठणीत आवाज, अर्धी दाढी. त्यात बगा नशीब कसं, सेनगावात गाडी वळायची जागा सुभद्राबाईच्या बापाच्या दारासमोर. तिथंच तेवढं मोकळं आवार. म्हणजे दर खेपेला हा करकरत करकरत सासऱ्याच्या दारात जायचा, गाडी गर्रकन वळवायचा, आन् तसाच करकरत माघारी. खाली उतरायचं न्हाई, बोलायचं न्हाई. कारण पाटी लागली तवा तो सुभद्राशी बोलत न्हवता.

मी एकदा मेंढरं घेऊन सेनगावच्या बाजाराला गेलो, तर सासरा, संपतराव, मला अडवून उभा. "तातेराव, तुझ्या दोस्ताला सांग, लेकीची मस्करी पुरे झाली. दारात गाडी आणतो, चाक वाजवून दाखवतो, आन् अर्धं तोंड करून निघून जातो. डाव्या बाजूनं बगितलं तर वाटतं न्यायला आलाय, उजव्या बाजूनं बगितलं तर वाटतं सुतक हाय. होळीच्या आत रीतीनं नेलं न्हाई, तर होळीला पंच बसवतो आन् काडी मोडतो."

काडी मोडली म्हणजे पंचांसमोर काडीचे दोन तुकडे, नवरा-बायको मोकळे. संपतराव बोलतो ते करणारा माणूस.

"सुभद्राबाई काय म्हणते?" मी इचारलं.

"काही म्हणत न्हाई. गाडीचा आवाज आला की दार लावून घेते. आन् दाराला कान लावते."

हे मी लिंबाजीला सांगितलं. तो आखाकडं बगत बसला. आखातून धूर निघायला लागला व्हता तवा, एवढा कोरडा. वसरामला नवा घोर लागला, का धूर हुकमाच्या वेळी न्हवता, तर आता त्याचं काय करावं. मी लिंबाजीला म्हणलं, "लेका, घाल वंगण. साहेबाला कळायचं न्हाई."

लिंबाजी म्हणला, "कळायचं न्हाई खरं. पण त्याच्या काट्याला कळंल. त्याचं सगळं त्या काट्यावर हाय. म्या लपून घातलं तर त्यानं मोजलेलं खोटं व्हईल. माझ्या घरचं मोडलं, त्याचंबी मोडू का?"

बगा, ज्याच्या वंगणाच्या नळक्यात गांधीलमाशा, त्यो माणूस इमानाला कसा पक्का निघाला. उद्यावर टाकायची सवय, पण फसवायची न्हाई. माशासुद्धा त्यानं तशाच ठेवल्या व्हत्या. दोनदा चावल्या.

इकडं जमीलसाहेब हवेत. त्याच्या हिशोबापेक्षा काटा लई चांगला निघून राहिला. नव्या चाकाला ओढ निम्मी. निम्मी, म्हणजे काय सांगायचं राव. त्यानं वर कळवलं. होळीच्या आदल्या दिवशी त्याचा वरचा साहेब मोटारीतून आला, गळ्यात फोटोचं यंत्र. दोन्ही गाड्या पारासमोर उभ्या केल्या. मोठे साहेब यंत्रात बगून म्हणले, "त्या गाडीवानाची हजामत पूरी करवा. फोटो छापायचा आहे."

रामकिशन वस्तरा घेऊन पुढं आला, तर लिंबाजी दोन पावलं मागं. "न्हाई साहेब. जैसे थे हाय."

"काय जैसे थे?" जमीलसाहेब म्हणला.

"दाढी."

"दाढीचं काय?"

"पाटी ठोकली तवा अर्धी व्हती."

जमीलसाहेब हसला. मंग हसता हसता त्याचं तोंड हळूहळू मिटलं. त्यानं एक-एक इचारायला सुरवात केली. "आणखी काय काय जैसे थे ठेवलंस, लिंबाजी?"

"सगळंच, साहेब. कूड पडलेला हाय. बैल लंगडत व्हता, तो मधी बरा झाला, पण त्यात माझा हात न्हाई. बायको गेलेली हाय. गांधीलमाशा हायेत. वंगण न्हवतं, ते न्हाई."

"वंगण न्हाई?"

"थेंब न्हाई साहेब. शपथ."

जमीलसाहेब गाडीखाली वाकला. आखाला बोट लावलं. बोट कोरडं, काळं. तो तिथंच, गाडीच्या सावलीत, खाली बसला. धुळीत. म्हणला, "मी माझं चाक तुझ्या चाकाशी लावून बगत न्हवतोच. मी ते एका डरलेल्या चाकाशी लावून बगत व्हतो."

मोठे साहेब घाईत. म्हणले, "जमील, कागदावर काय लिहिलंय? साधी गाडी. ही साधीच गाडी आहे. तू थोडंच त्याला सांगितलं वंगण घालू नको? झूट कुठे आहे यात?"

"साहेब, झूट कोणी बोललेलं न्हाई," जमीलसाहेब म्हणला. "तरी कागद झूटा आहे."

"चाक तर खराब न्हाई ना तुझं?"

"चांगलं असेल. पण किती चांगलं, ते मला ठाऊक न्हाई. आन् ठाऊक न्हाई असं मी लिहिलंच न्हाई."

"निम्मं म्हणून मी वर बोलून बसलोय."

"मी बोललो म्हणून तुमी बोललात. गलती माझी आहे. तो कागद मी फाडतो."

मोठे साहेब मोटारीत बसले. काचेतून म्हणले, "फाड. पण मंग चाक विकायला माझ्याकडं येऊ नको." मोटार गेली. फोटो न्हाई निघाला. फकीरभाईनं नवा फेटा बांधला व्हता, तो बिचारा उगंच बांधला.

मंग जमीलसाहेब लिंबाजीसमोर उभा राहिला. म्हणला, "लिंबाजी, एक बात पहिल्या दिवशी इचारायची व्हती, ती आज इचारतो. तुझी मर्जी आहे का, यात राहायची? न्हाई म्हणलास तरी चालंल."

साहेब कधी मर्जी इचारतो का? लिंबाजीनं वसरामकडं बगितलं. वसराम म्हणला, "माझ्याकडं बगू नको. हे माझ्या दाव्यात कधी आलं न्हाई."

"माझी मर्जी," लिंबाजी म्हणला, "बायको आणायची हाय. उद्या होळी. उद्या काडी मोडतील."

"तो चलो. आताच."

"कसं जाणार साहेब? जैसे थे हाय ना."

साहेबानं पाटी उपटली. सगळं गाव बगत व्हतं, कोणी हललं न्हाई. वसराम म्हणला, "पाटी काढल्यानं हुकूम उठत न्हाई. उठला म्हणून दवंडी लागते." मंग काय, साहेबानं डफडं आणवलं, आन् गावच्या चारी वाटांवर दवंडी फिरली, "ऐका हो ऐका, लिंबाजीवरचं जैसे थे उठलं. आजपासून लिंबाजीनं दाढी करावी, वंगण घालावं, कूड बांधावा, बायको आणावी, आन् जे मनात येईल ते करावं."

शेवटचं ते रामकिशननं जोडलं, पण कोणी खोडलं न्हाई.

दाढी झाली. माशा हुसकल्या, नळकं भरलं, आख पिऊन पिऊन गार झाला. साहेब म्हणला, "दगड राहू दे. दोन्ही गाड्या नेऊ. आता दोन्हीला वंगण, दोन्ही खूश. निदान एक खेप तरी खरी मोजू." तर लिंबाजीची गाडी, फकीरभाईची गाडी, दोन्हीत दगड, मी फकीरभाईच्या मागं लटकलेलो, साहेब काट्याला डोळा लावून.

सेनगावात गेलो, तर कोणी मान वर करून बगंना. चाकच वाजंना ना. संपतरावच्या घरी रोज चाकाच्या आवाजावर दार लागायचं. आज आवाज न्हाई, म्हणून दार सताड उघडं. आमी सरळ आत. संपतराव वसरीवर बसून उद्यासाठी काडी निवडत व्हता. चांगली कडक पाहिजे, म्हणजे कटकन मोडते. सुभद्राबाई चुलीपाशी डाळ निवडत व्हती.

तिनं वर बगितलं. पुरी दाढी केलेला, साफ तोंडाचा नवरा. लई दिवसांत तसा बगितला न्हवता.

"कोण पाहिजे?" ती म्हणली.

"आगं, मी."

"तुमी तर वाजत येता."

"वंगण घातलं."

"काय म्हणून आज घातलं? इतके दिस दारात येऊन वाजवून जात व्हतात ते?"

"जैसे थे व्हतं."

तिला काय कळणार. ती साहेबाकडं वळली. तिनं टोपीवरून ओळखलं, काही झालं असंल तर याच्यामुळं. "तुमी काय करता, साहेब?"

जमीलसाहेब खाली बगून म्हणला, "बाई, मी ओढ मोजतो."

आमच्याकडं ओढ म्हणजे काय, ते त्या हैदराबादच्या माणसाला ठाऊक न्हाई. त्याला बैलांची ठाऊक. सुभद्राबाई डाळीचं सूप खाली ठेवून उभी राहिली.

"ओढ मोजता व्हय? मंग हा माणूस माझ्या दारातून एवढ्या खेपा करून गेला. याची ओढ किती भरली तुमच्या काट्यावर?"

"ती... ती काट्यावर येत न्हाई, बाई."

"आन् माझी? मी दाराला कान लावून बसायची, ती?"

साहेबानं टोपी काढून हातात घेतली. कपाळाला घाम व्हता. म्हणला, "तुमी या कामात आहात हे मला मालूमच न्हवतं. मी इचारलंच न्हाई, गाडीच्या मागं कोण आहे म्हणून. माफी असावी."

संपतराव काडी हातात धरून मधेच म्हणला, "हे सगळं ठीक, पण पंचांना सांगून ठेवलंय मी."

"त्यांना पुरणपोळी घाला," सुभद्राबाई म्हणली. "बापू, ती काडी चुलीत टाका." मंग साहेबाला म्हणली, "तुमचं मोजायचं राहिलंय ना? मंग मला घालून मोजा. अर्ध्या वाटेपर्यंत फकीरभाईंच्या गाडीत बसते, मंग तेवढंच ह्यांच्या गाडीत बसते. दोघांनाबी मी बराबर. आन् कोणतं चाक किती वाजतं ते काटा सांगायच्या आधी मी सांगन."

साहेबानं दगडांकडं बगितलं, बाईकडं बगितलं. म्हणला, "हे काम माझ्या जागी तुमीच करायला पाहिजे व्हतं."

तर तशी ती आली सासरी. आदी दगडांवर बसून फकीरभाईच्या गाडीत, मंग वाटंत उतरून लिंबाजीच्या गाडीत, मांडीवर गाठोडं. बैल उलटसुलट केले, म्हणजे बैलाचा गुण चाकाला लागायचा न्हाई. हे साहेबानं केलं. वसरीवरून निघताना संपतराव मागून ओरडत व्हता, लेकीला पाटावर बसवून पाठवतात, दगडावर न्हाई.

वड्यापाशी साहेबानं काटा वाचला. आमी सगळे गोळा झालो. फकीरभाईनं इचारलं, "निम्मी का साब?"

"न्हाई," साहेब म्हणला. "थोडीशी कमी."

"थोडीशी म्हणजे?"

"थोडीशी. वंगण बराबर घातलं तर जुनं चाकबी लई वाईट न्हाई. माझं त्याच्यापेक्षा थोडंसं बरं." आन् खरं सांगतो, निम्मी म्हणताना त्याचं तोंड जेवढं फुललं न्हवतं, तेवढं 'थोडंसं' म्हणताना फुललं.

सुभद्राबाई दगडांवरूनच म्हणली, "मला आदीच कळलं व्हतं. त्यांचं वाजत न्हाई. ह्यांचं आता थोडंसं वाजतं. तेवढं चालंल."

साहेबानं तेच वर पाठवलं. थोडंसं. साधं चाक आधी डरलेलं व्हतं, तेबी लिहिलं, आन् काहून डरलेलं व्हतं, तेबी. ते नवं चाक काही बाजारात आलं न्हाई. साहेबाला कुठं लांब बदलून टाकलं. जाताना आमच्याकडं आला, लिंबाजीकडं भाकर-ठेचा खाल्ला, सगळ्यांचे हात धरले. तवापासून आमच्या गावात त्याचं नाव थोडंसं साहेब. फकीरभाईनं छर्रे काढून जुनं चाक बसवलं, जुलेखाभाभीची भाकर परत गरम मिळायला लागली. वसराम नाईकाचा बांध अजून जैसे थे हाय. त्यावर बोर मोठी झाली, बोरं कोणी खात न्हाई.

आन् ती पाटी. ती सुभद्राबाईनं जपून ठेवली. लिंबाजी गेला, पण ती हाय, गल्लीच्या शेवटच्या घरात, तुमी जाताल त्या वाटेवर. कान अजून तसेच. तुमी आलात तवा ती नदीला गेलेली व्हती, म्हणून वाचलात. आता आली असंल. कोणाचं चाक वाजलं, की ती पाटी घेऊन बाहेर येते, चाकाला टांगते, आन् त्या माणसाला बसवून इचारते, बायको कुठाय, काय बोलून आलास, कधी बोलणार हायस. एक पोस्टमन सांजेपर्यंत बसला व्हता. त्याचं लगीनबी झालेलं न्हवतं.

तुमच्या सायकलीला वंगण दिलं असतं मी. पण माझ्या नळक्यात गांधीलमाशांनी घर केलंय. उद्या काढतो. तवर एक काम करा, तिचं घर मागं पडेपर्यंत ती सायकल तेवढी खांद्यावर घ्या.